उजवीकडची शीळ

मुक्काम पोखर्णी

मानवतचे आमचे थोरले मेहुणे दत्तराव यांना सटवाजीचा हात जोडून रामराम. इकडं मी, तुमची बहीण मनकर्णा, पोरगी सविता आणि साठ मेंढरं खुशाल हाव. तुमच्या गुडघ्याला उतार पडला का? निरगुडीचा पाला बांधून बघा, आमच्या म्हाताऱ्या मेंढीला लय गुण आला. (तुमची बरोबरी मेंढीशी करायलोय असं न्हाई, राग नसावा.) फोनच करणार होतो, पण फोनवर तुमी मला बोलूच देत न्हाईत. मला लिहिता-वाचता येत न्हाई, म्हणून मी सांगायलोय आणि सविता लिहायलीय.

तर पाव्हणं, सविता जिंकली! जिल्ह्याची फायनल, तीबी शेवटच्या पेनल्टीवर! स्थळ घेऊन आला तवा तुमी म्हणला होता, पोरीच्या जातीला जाळीपुढं उभं राहून काय मिळणार. मनकर्णानं तर हुकूमच सोडला, फायनल झाली की खेळ बंद, मग लगीन. अहो, पण ती लहानपणापासून जाळीपुढंच हाय! सांजच्याला मेंढरं रानातून आली की वाघरीतली, म्हंजे आमच्या जाळीच्या कुंपणातली, कोकरं दूध प्यायला एकदम उसळत्यात. एकेक सोडावं लागतं, न्हाईतर कुणाचं कोकरू कुणाच्या आईला लागंल. त्या तोंडाशी सविता सहाव्या वर्षापासून वाकून उभी, आणि मी तिच्या पाठीशी. उजवीकडून कोकरू निसटलं की माझी एक शीळ, डावीकडून निसटलं की दोन. पोरगी न बघता झेप घेती.

फुटबॉलचं येड मात्र मोबाइलनं लावलं. त्यात जपानची एक गोलकीपर हाय, सायोको नावाची, मासे विकणाऱ्याची लेक. नऊ वर्षं ती नुसती राखीव म्हणून बाकड्यावर बसली! (तुमी तर लग्नात दुसऱ्या पंगतीपर्यंत दम धरत न्हाईत. सविता म्हणती हे खोडते. मी म्हणलं, गुमान लिही.) बत्तिसाव्या वर्षी पहिल्या गोलकीपरचं बोट मोडलं, हिला उभं केलं, आणि बाईनं फायनलला दोन पेनल्ट्या अडवून कप घरी नेला. आज ती कप्तान हाय. रानात सविता दुसरं बोलतच न्हाई, मेंढरांनाबी पाठ झालं असंल.

फायनलला मी नवं पागोटं बांधून सविताच्या गोलमागं बसलो. पहिल्याच हल्ल्याला सवयीनं शीळ गेली, आणि पंचाची शिट्टी समजून बावीसच्या बावीस पोरी जागेवर थांबल्या! पंचबाई तरातरा आल्या, मला उठवलं आणि मैदानाच्या पार समोरच्या टोकाला नेऊन बसवलं. सगळ्यांदेखत इज्जतीचा पंचनामा! पण शेवटच्या पेनल्टीला मला ऱ्हावंना. मारणारीचा पाय उजवीकडं वळाया लागला, तशी मी एक शीळ घातली. सविता झेपावली आणि चेंडू छातीशी, कोकरावाणी! मी रडलो, पाव्हणं, हमसून हमसून रडलो. तवापासून भेटंल त्याला सांगायलोय, अर्धा कप माझ्या शिळेचा हाय.

तुमचा,
सटवाजी

ता. क. कामाचं ऱ्हायलंच. तुमचे स्थळवाले मंगळवारी बघायला यायलेत, आणि मंगळवारीच सविताला राज्याच्या संघाच्या निवड शिबिराला जायचंय. पोरगं चांगलं हाय, पण हे शिबिर पुन्हा मिळायचं न्हाई. मनकर्णापुढं माझी जीभ उचलत न्हाई, ती तुमचाच शब्द मानती. तेवढं स्थळ तुमीच परत फिरवा. पाया पडतो.

ता. क. दुसरा. मामा, मी सविता. बाबा मेंढरांना पाणी दाखवायला गेलेत तेवढ्यात लिहिते. समोरच्या टोकाला बसल्यावर बाबांची उजवी बाजू माझी डावी होती. त्यांच्या शिळेवर झेपावले असते तर चेंडू आत गेला असता. मी फक्त मारणारीच्या पायाकडं बघितलं. हे बाबांना कधीच सांगू नका, मीबी सांगणार न्हाई. आणि स्थळवाल्यांना मी कालच फोन करून न्हाई म्हणून टाकलंय. आईला मात्र तुमीच न्हाई म्हणला असं वाटू द्या.