ह्यांनी जोडलेला कॉम्प्युटर

३ फेब्रुवारी, शनिवार

झालं! दिवाण गेला. वर्तमानपत्र अंथरून ह्यांनी त्यावर कॉम्प्युटरचं दुकान मांडलं आहे. पावर हाउसच्या बाजारात हिरालालच्या दुकानातून जुना डबा आणला, जुना पण मोठा पडदा आणला, आतलं सामान थोडं नवं, थोडं वापरलेलं. तयार घ्यायला काय झालं होतं? तर म्हणे, "मिलमधले येवढाले पॅनल जोडले म्या. हे तं खेळणं आहे." वर भिंतीच्या स्विचला लाल चिठ्ठी — काम चालू आहे, हात लावू नये. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी माणूस घरात शटडाउन घेतो! मला इस्त्री करायची होती. केली नाही.

४ फेब्रुवारी, रविवार

हे सगळं कशासाठी चाललंय ते मला चांगलं ठाऊक आहे. करिष्मासाठी. लेक लग्न होऊन अकोल्याला गेली आणि बापलेकीचं बोलणंच बंद पडलं. फोन हातात दिला की हे "हो हो, बरं बरं" करतात आणि मला परत देतात. ऐकू येत नाही! रोलिंग मिलच्या आवाजानं कान गेले, पण कबूल करतील तर शपथ. "तिचा फोनच खराब आहे."

मिलमध्ये कोणाचं कोणाला ऐकू जायचं नाही. सगळे एकमेकांचे ओठ वाचायचे, हातानं बोलायचे. करिष्मा लहानपणीच ते ह्यांच्याकडून शिकली. सेक्टर १० मधल्या मिलच्या क्वार्टरमध्ये मी ओरडत असले की दोघं माझ्यासमोर बिनआवाजी बोलायची आणि खी खी हसायची. मला एक अक्षर कळायचं नाही. अशी चिडायचे मी! आता फोनच्या चिमुकल्या काचेवर ओठ कुठले दिसायला? म्हणून हा मोठा पडदा. तोंडानं सांगणार नाहीत, पण मी काय आज ओळखते का ह्यांना!

६ फेब्रुवारी, मंगळवार

करिष्माचा फोन. "सगळं ठीक आहे आई," म्हणाली आणि ठेवला. घाईतच असते हल्ली.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

कालपासून घरात सुतक असल्यासारखं. सगळं जोडून झालं, पण पडदा काळाच. "बोर्ड मेला. हिरालालनं फसवलं मले." जेवले नाहीत. उघडायचं, पुसायचं, पुन्हा लावायचं, कपाळाला हात.

दुपारी मी गच्चीवरून कपडे घेऊन खाली आले, तर खोलीत नुसतं पीं-पीं-पीं!

"अवो, केव्हाचा ओरडून राहिला ना तो!"

"कोण?"

"डबा!"

ह्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग डब्याकडे. वाकून कान लावला. तो बिचारा ओरडतोय, आणि ह्यांचा चेहरा कोरा! हिरालालला मीच फोन लावला. "भाभीजी, रैम ठीक से नहीं बैठी होगी. बंद करके दबाके लगाओ, तब तक चिल्लाएगा." ह्यांना समोर उभं राहून सांगितलं. ती पट्टी अंगठ्यानं दाबली — टक्! — आणि पडदा उजळला. मी टाळ्या पिटल्या.

हे मात्र तसेच बसले. "किती जोरानं वाजे तो?"

"शेजारी ऐकू जाईल इतका."

"मले तं काहीच नाही आलं वं."

पहिल्यांदा बोलले असं. मला इतकं वाईट वाटलं! थट्टा करायला तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं. ह्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले कितीतरी वेळ. कानाच्या डॉक्टरकडे यायला कबूल झाले आहेत. मग जेवले — चार पोळ्या!

११ फेब्रुवारी, रविवार

काय सुंदर दिवस! करिष्मा पडद्यावर — येवढी मोठी! "जय भीम बाबा!" हे पडद्याला नाक लावायचेच बाकी होते. तिच्या मागे सोफ्यावर सासूबाई मेथी निवडत बसलेल्या. पोरगी किती बोलली! नवे पडदे घेतले, जावयांना बढती मिळाली, "आई, माझं वजन वाढलं वं." आणि मधूनच आवाज गायब, नुसते ओठ हलतायत. म्हटलं घ्या, सुरू झाला दोघांचा जुना खेळ!

"माझ्या चहाड्या करून राहिले ना?" मी म्हटलं. कोणी लक्षच देईना. ह्यांनी फक्त हात वर केला आणि बोट गोल फिरवलं, मिलमध्ये क्रेनवाल्याला "उचल" म्हणून करायचे तसं. करिष्माच्या डोळ्यांत पाणी आलं. ह्यांच्याही. मीही रडून घेतलं. इतक्या महिन्यांनी बोलली बापलेक! कॉम्प्युटरचं सार्थक झालं.

नंतर हे चहा न घेताच स्टेशनकडे गेले. काय काम निघालं कोण जाणे.

१२ फेब्रुवारी, सोमवार

अकोल्याच्या गाडीत लिहिते आहे. काल ती बिनआवाजी काय म्हणाली, ते ह्यांनी गाडी सुटल्यावर सांगितलं — "बाबा, मारतात मले. न्यायले या."