बोटांमधल्या पट्ट्या

कोल्हापूर,
ता. ९ ऑगस्ट १९१०

आकारामदादा यांस,

दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्या निसार ड्रेसरचा सलाम. आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमची खुशाली कळून चार महिने होऊन गेले, म्हणून हे पत्र. पावसाने नुसते झोडपले आहे, पंचगंगा दोनदा पात्राबाहेर येऊन गेली. आई तुमची फार आठवण काढते. जाताना तुम्ही दिलेली गुळाची ढेप ती अजून पुरवून पुरवून खाते. मला हल्ली गोड चालत नाही.

पत्र पिराजी मास्तर वाचून दाखवतील हे ठाऊक आहे, म्हणून अक्षर मोठे काढले आहे.

कामाचे असे की परवा डॉक्टरसाहेबांनी आपण होऊन तुमचे नाव काढले. तुमच्या उजव्या हाताची तीन बोटे जुळली आहेत, ती सोडवता येतात असे ते म्हणतात. बोटांमध्ये चाकूने चीर द्यायची आणि उघड्या पडलेल्या जागेवर तुमच्याच मांडीची पातळ कातडी बसवायची. दुसऱ्याची कातडी धरत नाही, आठवडा-दोन आठवड्यांत गळून पडते. आपली आपल्याला धरते. गुंगीचे औषध देतात, तेव्हा कापताना काही कळणार नाही.

तुम्हाला पटावे म्हणून थोडे शास्त्र सांगतो. मी परीक्षेला बसणार आहे, त्यामुळे सध्या डोक्यात दुसरे काही नाही. आपले शरीर एकाच मातीचे मडके नव्हे. त्यात ऊती असतात, म्हणजे एका कामाला लागलेल्या बारीक पेशींचे थर. मी ते सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यांतली एक जात झाकणारी. अंगावरची कातडी, तोंडाचे नि आतड्याचे अस्तर, सगळे तिचे. तिच्या पेशी एकमेकींना खेटून बसतात, मध्ये फट म्हणून नाही. फुप्फुसात त्या इतक्या चपट्या आणि पातळ असतात की हवा आरपार जाते. आतड्यात खांबांसारख्या उभ्या राहून अन्नाचा रस ओढून घेतात. श्वासनळीत त्यांना बारीक केस असतात आणि ते धूर-धूळ वर लोटतात. वीस वर्षे गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर खाऊन तुम्ही अजून खणखणीत बोलता ते त्या केसांच्या जिवावर. आणि बोटांच्या टोकांवर तर ही जात थरावर थर चढवते. वरचे थर मेलेले, कडक, खालून नवे येत राहतात. तुमचे थर तर काय विचारता! पाण्यात बोटे बुडवून उकळत्या काहिलीतला पाक तुम्ही चिमटीत उचलायचात, त्याची गोळी वळून बघायचात आणि ‘उतरा’ म्हणायचात. ते आम्हा कागद चाळणाऱ्यांच्या बोटांचे काम नव्हे.

दुसरी जात जोडणारी. हिच्या पेशी लांब लांब पसरलेल्या आणि मधल्या जागेत धागे. हाड, कानाची कूर्चा, चरबी, मांसाला हाडाशी बांधणारी दोरी, हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा, हे सगळे हिचे. रक्तसुद्धा याच जातीत धरतात, त्याचे मला अजून नवल वाटते. झाकणाऱ्या जातीत रक्ताची वाहिनी नसते. खालची जोडणारी तिला पोसते. आणि वरची झाकणारी जळून गेली, की खालची जोडणारी मग

असो. पुराण पुरे. भाजल्यावर बोटे अशी जुळणे कधी कधी होते. झाले ते झाले.

डॉक्टरसाहेबांच्या दोन अटी आहेत. एक, दसऱ्याच्या आत यायचे. जोडणारी ऊती दिवसेंदिवस आवळत जाते, सांधे धरतात. उशीर झाला तर बोटे सुटतील पण वळणार नाहीत, आणि न वळणारी बोटे तुमच्या काय कामाची? दुसरी, जखम भरल्यावर तीन महिने रोज दोन वेळा बोटे वाकवून घेणारे माणूस घरात हवे. तुम्ही ओरडलात तरी न थांबणारे. ‘तसे माणूस नसेल तर मी चाकू लावणार नाही,’ असे ते साफ म्हणाले. मला वाटते, झुंबरवहिनींना सोबत घेऊनच यावे.

उत्तराची वाट पाहतो.

तुमचा,
निसार


गुऱ्हाळघर,
ता. २१ ऑगस्ट १९१०

(आकाराम बोलला तसे लिहिले आहे. — पिराजी मास्तर)

निसारभाई, राम राम.

तुमचं पत्र मास्तरांनी हितं गुऱ्हाळातच वाचलं. भाईर पाऊस, आत धा-बारा माणसं बसल्याली. तुमच्या कातड्याच्या पुराणाला समदी हसली, पर मला पटलं बघा. नरड्यातल्या केसांचं तर म्या आता येईल त्या पावण्याला सांगतोय.

हात हाय तसाच हाय. तीन बोटांचं एक फावडं झालंय. घास उचलतोय, दोरी वडतोय, पर चिमूट म्हणून व्हईत न्हाय. मालक म्हणतोय, दिवाळीला गुऱ्हाळ लागलं की दुसरा गुळव्या बघतो. म्या कडंला बसून बघायचं, त्यानं इचारलं तर सांगायचं. आवं, पाक काय डोळ्यानं कळतोय व्हय? त्यो बोटातच कळतोय. लांबनं बघून सांगायचं म्हंजी गाणं बघून सांगितल्यागत झालं की!

तुमी म्हंतासा वैनीला घेऊन या. कुठली वैनी? तिला म्या चैतातच म्हायेरी आजऱ्याला लावून दिली. डाक्तर तीन आठवडं गावात नव्हता, तवा तुमी माझी भावागत सेवा केलासा. आन हिनं काय केलं? दुखतंय म्हणून बोटातल्या पट्ट्या काढून टाकल्या. ह्ये तुमीच डाक्तरास्नी सांगितलासा, माझ्या म्होरं. न्हायतर मला कुठनं कळायचं? ‘म्या एकडाव गाठ सैल केली, पट्टीला हात लावला न्हाय,’ असं अजून म्हणती. तिचा भाऊ दोनदा आल्ता समजूत घालाय. दोन्ही येळा वाटंवरनंच माघारी धाडला. जिनं माझा हात घालवला तिच्या हातची भाकरी नगं मला.

तवा घरात बोटं मोडाय कोण न्हाय, आन म्या काय येत न्हाय. तुमी इचारलासा ह्योच उपकार. तुमच्या आईस्नी राम राम सांगा.

आकाराम


कोल्हापूर,
ता. १२ सप्टेंबर १९१०

आकारामदादा,

तुमचे पत्र येऊन तीन आठवडे होत आले. उत्तर पाच वेळा लिहिले आणि पाचही वेळा फाडले. वहिनींना तुम्ही माहेरी पाठवले हे मला ठाऊक नव्हते. खरेच नव्हते. पण ठाऊक असते तर मी काही बोललो असतो, असेही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

गेल्या पत्रात एक वाक्य अर्धे सोडले होते. ते आधी पुरे करतो. वरची झाकणारी ऊती जळून गेली, की खालची जोडणारी ऊती समोर जे उघडे मांस मिळेल त्याला चिकटते. ते आपल्याच बोटाचे की शेजारच्या, हे तिला कळत नाही. तिचे कामच जोडण्याचे. म्हणून भाजलेल्या बोटांच्या मध्ये तेलात भिजवलेली कापडाची पट्टी ठेवतात. एकेका बोटाला वेगळी. कडेकडेने नवी कातडी सरकत येईपर्यंत ती पट्टीच बोटाची कातडी. हे ड्रेसरला पहिल्या आठवड्यात शिकवतात. मलाही शिकवले होते.

तुमच्या बोटांमध्ये पट्ट्या कधी नव्हत्याच. वहिनींनी काय काढायचे?

आता सगळे सांगतो. माघात काहील उतरवताना पाक तुमच्या हातावर सांडला आणि तुम्हाला गाडीत घालून आणले. डॉक्टरसाहेब त्याच दिवशी प्लेगच्या छावणीवर निघाले होते. उंबऱ्यातून मला म्हणाले, ‘बोटे वेगवेगळी बांध.’ मी पहिली पट्टी मधल्या बोटाशी नेली आणि तुम्ही असे ओरडलात की मी ती परत काढून घेतली. बाहेर सात माणसे खोळंबली होती. मला वाटले, आज तिन्ही एकत्र गुंडाळू, दुखणे कमी होईल, उद्या नीट बांधू. दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, ‘निसारभाई, तुमच्या हाताला गुण हाय, कालच्यानं लई आराम पडला.’ झाले. त्या एका वाक्याने मी फुगलो आणि पुन्हा तसेच बांधले. तिसऱ्या दिवशीही.

इथपर्यंत चूक होती. पुढचे चूक नव्हे.

नवव्या दिवशी फडके सोडले तेव्हा बोटे एकमेकांना धरलेली दिसली. तेव्हा ती कोवळी होती, ओली होती. बोथट सळईने हळूच ढकलले असते तरी सुटली असती. थोडे रक्त आले असते, तुम्ही मला चार शिव्या घातल्या असत्या. मला ते कळत होते. पण सोडवायला गेलो तर आठ दिवस काय केले हे सगळ्यांना दिसले असते. मी फडके परत गुंडाळले. त्यानंतर दोन आठवडे रोज बघत होतो आणि रोज गुंडाळत होतो.

डॉक्टरसाहेब आले. हात उघडला आणि गरजले, ‘पट्ट्या कुठे आहेत?’ वहिनी तांब्या घेऊन खाटेशी उभ्या होत्या. आदल्या दिवशीच त्या मला खरे ते सांगून मोकळ्या झाल्या होत्या, ‘लई आवळलं असं ह्ये म्हणालं, म्हणून येक गाठ सैल केली, चाललं न्हवं?’ तीच गाठ मी धरली. म्हणालो, ‘बाईंनी काढल्या.’ त्या म्हणाल्या, ‘म्या न्हाय वो.’ मग त्यांनी माझ्याकडे बघितले. तुमच्याकडे नाही, डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे. मी सांगेन अशी त्यांची खात्री होती. मी कात्री पुसत बसलो.

दादा, तुम्ही मला भावासारखा म्हटलेत. ते वाक्य वाचून मला माझी किळस आली.

आज सकाळी डॉक्टरसाहेबांना हे सगळे सांगितले. ते म्हणाले, ‘परीक्षेला माझी शिफारस मिळणार नाही. बाकी आकारामच्या हाताचे काय होते ते बघून ठरवू.’ त्यांचे योग्यच आहे. आईलाही सांगितले. रोजे चालू आहेत. ती म्हणाली, ‘आधी त्या बाईच्या दारात जाऊन ये. तोवर तुझा रोजा कुणाला दाखवतोस?’

येत्या गुरुवारी मी आजऱ्याला निघतो. निपाणी, गडहिंग्लज करत, चिखलात गाडी रुतली नाही तर शनिवारी पोचेन. वहिनींच्या दारात, त्यांच्या भावाच्या देखत, आता लिहिले तेच बोलून दाखवणार आहे. भावाने अंगावर हात टाकला तरी मधून उठणार नाही.

पण माझ्या बोलण्याने त्या परत येणार नाहीत. येऊही नये. हाकलले तुम्ही, तर न्यायलाही तुम्हीच आले पाहिजे. आणि हेही लिहितो, राग आला तर येवो. खोटे मी बोललो, पण तुम्ही सतरा वर्षांच्या संसाराला न विचारता सहा आठवड्यांच्या ओळखीच्या ड्रेसरला विचारलेत.

दसऱ्याला एक महिना राहिला आहे. डॉक्टरसाहेबांच्या दोन्ही अटी तशाच आहेत. तुमच्या किंकाळीला न भिणारे माणूस मी एकच पाहिले आहे. तुमचा हात धुताना मी तोंड फिरवत होतो, तेव्हा त्या तुमचे मनगट घट्ट धरून म्हणत होत्या, ‘वरडा की, वरडून घ्या, म्या सोडत न्हाय.’ त्याच हाताने तुमची बोटे पुन्हा वळतील. माझ्या हाताने नाहीत. पट्टी बांधायलाही मी पुढे येणार नाही, दुसरा ड्रेसर असेल.

पिराजी मास्तर, ही विनंती तुम्हाला. पहिले पत्र जिथे वाचलेत तिथेच हेही वाचा. तीच धा-बारा माणसे बोलवा. आकारामदादा ‘पुरे’ म्हणाले तरी थांबू नका, माझे नाव गाळू नका. गावात झुंबरवहिनींचे नाव ज्या ज्या तोंडांनी घेतले, त्या सगळ्यांना ऐकू गेले पाहिजे.

दादा, शनिवारपासून पुढे तीन दिवस मी आजऱ्यात, वहिनींच्या घरासमोर आहे. मारायचे असेल तर तिथे या. माफ करायला येऊ नका, मी ती मागितलेली नाही. वहिनींना न्यायला या.

तुमची बोटे ज्याने एकत्र बांधली आणि वहिनींचे नाव सांगितले, तो
निसार