दाराजवळचा हवालदार

बाबा, तुमच्यासारखा एक माणूस मला विलायतेत सापडला आहे. मी तिकडे गेलेले नाही, तोच रोज दुपारी आपल्या अमरावतीच्या घरी येतो. जेवणं आटोपली, कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, की मी आणि आई टीव्हीसमोर बसतो आणि इंटरनेटवरून येणारी एक इंग्रजी पोलिसांची मालिका लावतो. ही मालिका माझ्या लग्नापेक्षा जुनी आहे आणि त्याच्यापेक्षा बरी चालली आहे. एक हिरवंगार गाव, एक चर्च, एक तळं आणि दर भागात निदान एक मुडदा. इतक्या वर्षांत त्या गावात खरं तर माणूस शिल्लक राहायला नको, पण लोक निवांत केक खात असतात. मुख्य इन्स्पेक्टर आजवर बऱ्याचदा बदलला. बदलला नाही तो पोलीस स्टेशनच्या दाराजवळ उभा राहणारा हवालदार. तिकडे त्याला दुसरं काही म्हणत असतील, पण मी हवालदारच म्हणते. डोळ्यांखाली पिशव्या, हातात चहाचा मग, आणि दर भागात दोन, फार तर तीन वाक्यं. त्यातलं एक ठरलेलं: साहेब, तुमचा फोन आहे. अकोल्याच्या रंगमंचावर हेच वाक्य तुम्ही इतकी वर्षं म्हटलंत, की पहिल्यांदा ते इंग्रजीत ऐकलं तेव्हा मला वाटलं, यानं तुमचं चोरलं.

आई आता ऐंशी ओलांडून गेली आहे आणि इंग्रजीशी तिचं काही देणंघेणं नाही. सुरुवातीला मी भाषांतर करून सांगत होते. दुसऱ्याच दिवशी तिनं मला थांबवलं. "तू चूप राय वं. तू बोलली का मले समजत नाई." तिला खरंच समजतं. ती चेहरे ओळखते. "हे बाई मेली होती ना मांगं? तळ्यात?" मी म्हटलं, ती वेगळी होती आई. "येगळी कशानं? नाक तं तेच हाय." मी मागचा भाग लावून पाहिला, नाक तेच होतं. त्यांच्याकडे खून जास्त आणि नट कमी, त्यामुळे एका वर्षी गळा दाबून मारलेली ग्रंथपाल काही वर्षांनी मोत्यांची माळ घालून न्यायाधीशाची बायको होऊन येते, आणि विष देणारा डॉक्टर पाद्री होऊन परततो. आईची त्याला हरकत नाही. "मेल्यावर बी काम भेटते तं चांगलंच हाय," ती म्हणते. नेहमी माळीबुवा होणाऱ्या एका जाड्या नटाला तिनं धामणगाववाला असं नाव दिलं आहे, कारण तो तिला तिथल्या धान्याच्या अडत्यासारखा दिसतो. तो आला की ती पदर सावरून बसते. लोकांच्या खोड्या काढून लिहिण्यावर माझं पोट चालतं, पण या बाईपुढे मला उमेदवारी करावी लागेल.

या मंडळींची नावं शेवटी बारीक अक्षरांत येतात आणि वाचायच्या आत पळून जातात. पण गंमत अशी की इन्स्पेक्टर काही मोठं बोलला, की मी त्याच्याकडे पाहत नाही. मी हवालदाराकडे पाहते. त्यानं मग जरा हळू खाली ठेवला, तर समजायचं की साहेब बरोबर बोलला. नुसता घोट घेतला, तर समजायचं की खुनी अजून सापडायचा आहे.

पाटबंधाऱ्याच्या ऑफिसानं तुमची बदली केली आणि आपण अकोल्याला आलो, तेव्हा ऑफिसात रुजू व्हायच्या आधी तुम्ही नाटकमंडळीत रुजू झालात. संध्याकाळी शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला लावून तालमी चालायच्या. दरवर्षी हौशी स्पर्धेसाठी नवं नाटक निवडलं जायचं, त्यात कुठे ना कुठे हवालदार, पोस्टमन नाहीतर डॉक्टर निघायचा, आणि सगळे तुमच्याकडे पाहायचे. खाकी पँट आपल्या गल्लीतल्या होमगार्डची. त्याच्या कमरेत तुम्ही दोनदा मावला असता, म्हणून मागून सेफ्टी पिन. मला अजून ते स्वयंपाकघर दिसतं. आई चुलीपुढे बसली आहे, एका हातानं भाकरी थापते आहे आणि डब्याला टेकवलेल्या वहीतून इन्स्पेक्टर, चोर, मुलीचा बाप, सगळ्यांची वाक्यं म्हणते आहे. तुम्ही पाटावर बसून तुरीच्या शेंगा सोलता आहात आणि नुसतं ऐकता आहात. पानंच्या पानं संपतात. मग तुम्ही मान वर करता आणि म्हणता, "साहेब, तुमचा फोन हाय." आई वही मिटते. "बस? येवढ्यासाठी म्या भाकर करपवली?" तुम्ही करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेता आणि सांगता, "त्यानं काय म्हटलं ते आयकल्याबिगर मी कसा म्हनू?"

हेच तुम्ही मला एकदा सुनावलंत. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी नायिका होते. टाळ्या पडल्या, मैत्रिणींनी मिठ्या मारल्या, आणि घरी येऊन मी तुमच्यासमोर कौतुकाला उभी राहिले. तुम्ही बशीतला चहा संपवलात आणि म्हणालात, "तू आयकून नाई राह्यली, बेटा. तू वाट पाहून राह्यली, आपली पाळी कवा येते म्हनून." मी जेवले नाही. पुढे अभिनयही केला नाही. विनोदी लिहायला लागले, तिथे कोणाचं ऐकावं लागत नाही.

पण हे पत्र मी त्या दुसऱ्या संध्याकाळबद्दल लिहिते आहे. त्या वर्षीच्या नाटकात इन्स्पेक्टर करणाऱ्याला प्रयोग तोंडावर आला असताना कावीळ झाली. सगळ्यांची वाक्यं पाठ असलेला माणूस एकच होता, म्हणून तुम्हाला टेबलामागच्या खुर्चीत बसवलं आणि हवालदाराचं काम एका नव्या पोराला दिलं. तुम्हाला मिशी चिकटवली होती. गंभीर प्रसंग होता. मेलेल्या मुलीचा बाप समोर बसून हुंदके देत होता, नाट्यगृहात कोणी खोकतही नव्हतं. तेवढ्यात दाराजवळच्या स्टुलावरचा फोन वाजला. वाजला म्हणजे कोणीतरी विंगेत गजराचं घड्याळ वाजवलं. हवालदारानं आत येऊन तो घ्यायचा होता. हवालदार आलाच नाही. घड्याळ थांबेना. आणि तुम्ही, इन्स्पेक्टर, टोपीसकट खुर्चीतून उठलात, दाराजवळ गेलात, फोन उचललात आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे वळून स्वच्छ आवाजात म्हणालात, "साहेब, तुमचा फोन हाय."

खुर्ची काही बोलली नाही. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत, फोनकडे पाहिलंत. मग परत येऊन खुर्चीत बसलात आणि रिसीव्हर कानाला लावायला गेलात, तर वायर पुरेना. तुम्ही ओढलीत आणि फोन स्टुलावरून खाली आला. घड्याळ वाजतच होतं. आधी मेलेल्या मुलीचा बाप हसला, मग सगळं थिएटर. पडदा पाडावा लागला. त्या वर्षी मंडळीला काही मिळालं नाही हे सांगायला नको.

मी अकरावीत होते आणि शेजाऱ्यांबरोबर बायकांच्या रांगेत बसले होते. आई तुमच्यासाठी मागे थांबली, मी शेजाऱ्यांबरोबरच घरी आले आणि तोंडावर पांघरूण ओढून झोपले. सकाळी तुम्ही गप्प होता. चेहरा सुजलेला. चहासुद्धा न घेता ऑफिसला गेलात. पुढच्या वर्षी पुन्हा हवालदार, आणि शेवटपर्यंत हवालदारच. तेव्हापासून मी धरून चालले होते की एका माणसाला जन्मात एकदा खुर्ची मिळाली आणि लोकांनी त्याला हसून तिच्यातून उठवलं. तुम्ही गेलात तेव्हा पुरुषांच्या घोळक्यात कोणीतरी तो फोनचा किस्सा सांगितला आणि हलकंसं हसू उठलं. मी सगळ्यांवर जी नजर टाकली, ती अजून काहींना आठवत असेल.

आता त्याच मंडळीचा सुवर्णमहोत्सव आहे. त्या नाटकात चोर झालेले काका हल्ली तिचे अध्यक्ष आहेत. त्यांचा गेल्या महिन्यात फोन आला. "स्मरणिका काढून राह्यलो, बेटा. तुह्या बाबाचा तो फोनचा किस्सा तूच लिही. तुह्या हातचा पायजे." मी म्हटलं, बघते काका. त्यांनी पुन्हा केला, मी पुन्हा बघते म्हटलं. मी आमदारांवर लिहिलं आहे, नणंदेवर लिहिलं आहे, स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर दोन भागांत लिहिलं आहे. त्या संध्याकाळवर मला लिहिता येत नव्हतं. लिहिलं तर तुमच्यावर हसणाऱ्यांत मी जाऊन बसणार, आणि नाही लिहिलं तर दुसरा कोणीतरी लिहिणार, वाईट लिहिणार, आणि लोक तरीही हसणार.

मग या आठवड्यात मालिकेवाल्यांना आपल्या हवालदाराचा पुळका आला. इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल त्यांनी एक अख्खा भाग त्याच्या नावानं केला. समुद्रकाठी एक बाक, त्यावर तो एकटा, आणि तोंडात हे लांबलचक भाषण. गेलेली बायको, एकटेपण, नोकरी, सगळं त्यात. बिचारा इतका वाईट दिसत होता म्हणून सांगू. हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. लग्नात भलत्यालाच नवरदेव करून बसवावं तसा तो बसला होता. मला रडू यायला लागलं होतं, कारण मला तुमची ती खुर्ची दिसत होती. आई मात्र खवळली.

"याले कोनं बसवलं मधात?"

"आजचा भाग त्याचाच आहे आई. मान दिलाय त्याला."

"मान कायचा? मंग दाराजवळ कोन हाय?"

"कोणी नाही."

"तेच तं. तुह्या बाबाचं असंच झालं होतं अकोल्याले."

मी टीव्ही थांबवला. इतक्या वर्षांत आम्ही दोघी यावर कधी बोललो नव्हतो. मी विचारलं, त्या दिवशी घरी येताना बाबा रडले होते का?

"रडले? हे माय! रिक्षात हसू हसू मिशी निंगाली त्याइची. रिक्षावाला उतरून पाहे, याले झालं काय म्हनून. म्हने, दाराजवळ कोनीच नवतं वं, मंग मीच गेलो."

"मग सकाळी गप्प का होते? तोंड सुजलं होतं त्यांचं."

"दाढ. येताना उभ्या उभ्या कुल्फी खाल्ली ना, दोन दोन. हापिसात जातो म्हनून गेले अन् दाढ काढून आले. तुले आठवत नाई?"

मला सूज आठवत होती, बाबा. ती रडण्याची आहे असं मी ठरवलं होतं. दाढ माझ्या हिशेबात कधी आलीच नाही. मी शेवटचा प्रश्न विचारला. त्यानंतर तुम्हाला पुन्हा मुख्य काम कोणी का दिलं नाही?

"देत होते ना! दोघंजनं घरी आले होते सांगाले, म्या चहा बी केला. तुह्या बाबानं म्हटलं, नाई बाप्पा, मधात बसलं का कोनाचंच आयकू येत नाई. आता लाव ते. मारलं कोनं ते पाहू दे."

मी लावलं. कोणी मारलं ते माझ्या लक्षात राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुढचा भाग पाहिला. हवालदार पुन्हा दाराजवळ उभा होता, हातात मग होता, आणि साहेब काहीतरी बडबडत असताना तो असा ऐकत होता की मला त्या खोलीत दुसरं कोणी दिसेना. आईनं समाधानानं पाय लांब केले. त्याच संध्याकाळी मी चोरकाकांना फोन केला आणि म्हटलं, लिहिते. ते म्हणाले, "लोकं लोळतीन, बेटा!" एका बैठकीत लिहून झालं आणि पाठवूनही दिलं. वायर आहे, घड्याळ आहे, रिक्षा आहे, कुल्फी आहे. तुमची कीव कुठेच नाही. लिहिताना मी इतकी हसले की आईनं दोनदा येऊन पाहिलं.

हे पत्र मात्र कुठेच पाठवत नाही. आणि इथवर आलेच आहे तर एक कबूल करते. तुमच्यावर अन्याय झाला म्हणून मी अशी तिखट झाले, असं मी स्वतःला सांगत आले, आणि मुलाखत घ्यायला आलेल्या एक-दोघांनाही हुंदका आवरून सांगितलं आहे. अपमान झालेल्या नटाची मुलगी, हे सांगायला फार शोभायचं. हसत हसत घरी आलेल्या माणसाच्या मुलीची जीभ अशी का, याचं उत्तर मी आता कुठून आणू? आतल्या खोलीतून हाक येते आहे. "झालं का वं लिहून? तुहा बाप जित्तेपनी सगळ्याइचं आयकत होता, मेल्यावर तं सोड त्याले!" तेव्हा, बाबा, जीभ मी कोणाकडून घेतली ते मला कळलं आहे. फक्त तिला सांगणार नाही.