गल्लीच्या तोंडावरचं दुकान

३ नोव्हेंबर, सोमवार
रात्रभर डोया लागला नाई. परी मस्त झोपली, तिले ताप नाई, काई नाई. शटर वाजलं म्हून नाई, वाजन का या भेवानं मी जागी. आमच्या ह्यायले अकोल्याले जाऊन आठोडा झाला. मागच्या खोलीत मी नि माही पोट्टी, समोर दुकान. टिकल्या, बांगड्या, पिना, रिबिनी. चोर नेऊन काय नेईन? चोराचं भेव नाई मले.
बोलाले कोनी नाई, म्हून लिवून राह्यली.

४ नोव्हें.
तो चष्मेवाला. दिवाळीच्या आधीपासून येते. दुकान उघडलं का पयलं गिऱ्हाईक तोच. एक पिनांचं पाकीट, रोख. सासऱ्यायपासून आमच्यात कायदा, बोहनीचं गिऱ्हाईक वापस धाडाचं नाई, त्याच्याशी वाकडं बोलाचं नाई. हे त्याले स्टूल देत, चहा सांगत. 'पाय वं, या मानसाच्या हातानं धंदा होते.'
म्हनलं, टक्कल हाय त्याले, पिना कोनाले लावते?
हे हासले. मी नाई हासली. स्टुलावर बसून तो भिंती पाये. मांगं कोन राह्यते, दुसरा दरवाजा हाय का, सगळं इचारलं. ह्यायनं सगळं सांगतलं.

६ नोव्हें.
मागच्या मैदानात मोठ्ठं मार्ट बांधून राह्यले. त्याच्या गाड्या राजापेठच्या रोडवर निंघाले वाट पायजे, नि वाट आमच्या गल्लीतून. भांडेवाल्यानं जागा देली. कापडवाल्यानं देली. तोंडावरचं आमचंच राह्यलं.
बायपासवरचं मार्ट झालं तवाच बाया तिकडं गेल्या. ऑटोवालेबी आता तिकडंच उभे राह्यतात. मीबी गेली होती बापा, खोटं काहून बोलू. थंडगार. परी ट्रॉलीत बसून खिदळे. आमच्या दुकानातलंच पिनांचं पाकीट तठी सस्तं. हातात घेऊन पायलं, ठेवून देलं.
पयले दिवे लागले का गल्लीत चालाले जागा नसे. आता आमचा नि समोर शब्बीरचाचा टेलरचा, दोनच बल्ब.

८ नोव्हें.
ह्यायले अकोल्याची नोकरी त्याच चष्मेवाल्यानं लावून देली. मार्टच्याच गोडाऊनमधी. म्हून तं मले... ह्यायचा फोन फुटला होता, जातानी माहा घेऊन गेले. शब्बीरचाचाच्या फोनवरून रोज बोलनं होये. परवा म्हने, 'दादा सांगते तसं कर, मले काम हाय.' दादा म्हंजे माहे भासरे, ह्यायचे मोठे भाऊ. दुकान दोघायच्या नावावर.
आज लावला तं बंद. संध्याकाई लावला, बंद.

९ नोव्हें., रविवार
भासरे नि जाऊबाई आले. जाऊबाईनं डब्ब्यात भरीत-भाकर आनली.
'एकटी कशी राह्यतं वं? पोट्टीले घे नि भावाकडं अकोल्याले जाऊन राय. भाऊबीजेलेबी नाई गेली.'
'दुकान कोन उघडन?'
भासरे म्हने, 'चाबी दे. मी उघडतो.'
भासऱ्यायनं जिंदगीत टिकलीचं पाकीट इकलं नाई.
म्हनलं, 'हे आल्यावर जाईन.'
'तुह्या नवऱ्यानंच सांगतलं.'
'मंग मले काहून नाई सांगतलं?'
जाऊबाई परीच्या डोक्यावरून हात फिरवत बसल्या.
भरीत पयले मी खाल्लं. घंटाभर थांबली, मंग परीले देलं. चांगलं होतं. आता वाटते, मानसं वाईट नसतीनबी.

११ नोव्हें.
आज चष्मेवाल्याले वापस धाडलं. बोहनीले. उघड्या शटरमधी उभी राहून म्हनलं, दुकान बंद हाय.
तो रागावला नाई. 'ताई, तुमच्या मिस्टरनं विसाराचे पैसे घेतले हायेत. जागा खाली करून देतो म्हनाले.'
खोटं बोलून राह्यला. का खरं? ह्यायनं विसार घेतला असता तं माह्याकडं पाहून जेवन गेलं असतं का?
शब्बीरचाचा म्हने, 'बेटी, घरात बाई-लेकरू हाय तवरिक शटर कोनी पाडू शकत नाई. घर खाली सापडलं का मंग काई खरं नाई.' असं म्हनले नि दुपारी स्वतःची मशीन ऑटोत टाकली. पोराकडं चालले. 'फाटलं का नवंच घेतात आता, शिवाले कोन येते?'
फोनबी गेला त्यायच्यासंगं. एकच बल्ब.

१२ नोव्हें.
भासरे रस्त्यावरूनच बोलले. उद्या गाडी आनतो, सामान भरून देतो, अकोल्याले सोडून देतो. मी हो नाई म्हनलं, नाईबी नाई म्हनलं. गाडी खरंच अकोल्याले जाईन का, ह्यायले मालूम हाय का, काई समजत नाई. परी खोकून राह्यली.
मी हालनार नाई. दवाखान्यातबी नेली नाई तिले, मांगून कुलूप लागन.
शिकवनी क्लासच्या पोट्ट्या आता केसाचे रबर घ्याले येतीन. त्यायच्यातल्या एकीले ही वही देते.
बाई, तू जे कोनी वाचशीन. माह्या भावाले फोन लावजो. संजूदादा, अकोल्याले टेम्पो चालवते, नंबर आखरी पानावर हाय. म्हनजो, पयले गोडाऊनवर जाऊन पाय, आमचे हे तठी हायेत का. नाई, पयले इकडंच ये म्हनजो. त्यानं नाई उचलला तं अजून एकडाव लावजो.