निळ्या ओळीनंतरच्या अकरा ओळी

चिमणे,

मी आईकडे दवाखान्यात जातोय. कामावरून आलीस की आधी जेव, पोळीभाजी ओट्यावर झाकून ठेवलीय. मग येताना खुर्चीवरचं आईचं ब्लँकेट घेऊन ये.

निळ्या ओळीपर्यंत तिने विणलंय. पुढच्या अकरा ओळी माझ्या. हसू नकोस! ती घरी येईपर्यंत पुरं करावं म्हणून मीच क्रोशाची सुई हातात घेतली. पण दर ओळीचा शेवटचा टाका माझ्याकडून सुटत गेला आणि ब्लँकेट निमुळतं होत होत पार होडीच्या शिडासारखं झालं.

आधी वाटलं, तुला गुपचूप उसवायला सांगावं. पण ऑपरेशन होऊन आज पाच दिवस झाले, ती एक शब्द बोललेली नाही. आवाजाला काही झालेलं नाही, असं डॉक्टर म्हणतात. मी उशाशी बसून देवाचं नाव गातो, बेसूर झालो तरी नुसती बघत राहते.

तेव्हा एक टाकाही उसवू नकोस. आहे तसं तिच्या मांडीवर पसर. छत्तीस वर्षांत माझं वाकडं काम बघून ती कधी गप्प बसलेली नाही.

बाबा