फुगेवालीचं पाणी

९ फेब्रुवारी

जावयाने आज जाहीर केलं! या वसंतात काचपेटीतलं ते फुगेवालीचं रोप फुललं नाही, तर पेटी दोस्ताला, त्या आलोइसला देऊन टाकणार, फ्लॅट विकणार आणि ओलोमोउत्सला भावाकडे राहायला जाणार. हे सगळं मी सूप वाढत असताना. माझं काय, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारणार? जावई म्हणते तेसुद्धा सवयीने. माझी इलोना त्याला टाकून लिन्झच्या दातांच्या डॉक्टरकडे गेली, त्यालाही आता दोन वर्षं होतील. बायको गेली आणि सासू उरली. असली वाटणी वैऱ्यालाही मिळू नये.

ओताकारचा धंदा लिफ्ट दुरुस्त करण्याचा. दिवसभर लोकांना वरखाली करायचं आणि घरी येऊन डबक्यासमोर बसायचं. घटस्फोटापासून त्याने मला ‘आई’ म्हणणं सोडलंय. दुसरं काही म्हणत नाही. नुसतं ‘जरा मीठ द्याल का’.

११ फेब्रुवारी

फुगेवाली बघायला लोक हौसेने येतात आणि पडलेल्या तोंडाने जातात. काचेच्या पेटीत ओलं शेवाळ, त्यात मूत्रपिंडाच्या आकाराची पानं. झालं प्रदर्शन! म्हणे मांसाहारी. शिकार सगळी शेवाळाखाली चालते. दोऱ्यांसारख्या मुळांना मोहरीएवढे फुगे असतात, पाण्यातला किडा जवळ आला की फुगा त्याला गप्पकन आत ओढतो. इतकी वर्षं खातेय, फूल एक नाही. आमच्या इलोनाची आठवण येते.

आणि हिला पाणी म्हणे फक्त पावसाचं! नळाचं चालत नाही, पाण्यातल्या क्षारांनी मरते. थंडीत हा इसम बाल्कनीतला बर्फ वितळवून गाळून ठेवतो. कार्लोव्ही व्हारीत राहून! ज्या झऱ्यांचं पाणी प्यायला राजेरजवाडे आपापली पोटं घेऊन इथं यायचे, ते झरे खाली हाकेच्या अंतरावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

१५ फेब्रुवारी

इलोनाचा फोन. “आई, तू अजून तिथंच? लोक काय म्हणतील?” खेबजवळ चांगला वृद्धाश्रम आहे म्हणे. बाग आहे, गुरुवारी अकॉर्डियन वाजवायला माणूस येतो. मी म्हटलं, तुझ्या डॉक्टरला विचार, माझ्या कवळीसकट घेतात का.

फोन ठेवला आणि ही वही काढली. मला इथून जायचं नाही. कागदाला सांगायला हरकत नाही.

१६ फेब्रुवारी

ठरलं. फुगेवालीला फुलवायचं, आणि व्हारीच्या रीतीने. माझ्या आईची आतडी या पाण्याने सुधारली, माझं पित्ताशय सुधारलं. या बयेची तर पानंच मूत्रपिंडाची. तिला लागू पडणार नाही तर कुणाला?

सकाळी तिला पाणी घालायचं काम माझंच, तो लवकर बाहेर पडतो. दुपारी झऱ्यावर जाऊन बाटली भरून आणली. पाणी कढत असतं, खारट, लोखंडाच्या चवीचं; म्हणून संध्याकाळी एनॅमलच्या निळ्या चंबूत ओतून कोठीत निवायला ठेवलं. चंबूतलं त्याचं बर्फाचं पाणी मोरीत. उद्या सकाळी पहिला घोट. ओताकारला कशाला सांगायचं? तज्ज्ञ माणूस तो!

३ मार्च

रोज नेमाने चालू आहे. मेली नाही. क्षार म्हणे!

झऱ्याचं पाणी प्यायच्या माझ्या नळीच्या कपावर पिवळट पुट चढलंय, इथल्या प्रत्येकीच्या कपावर चढतं. या पाण्यात कागदाचं फूल ठेवलं तरी दगडाचं होतं आणि पर्यटक ते विकत घेतात. पण निळा चंबू मात्र लख्ख! जुन्या काळचं एनॅमल. तेव्हा वस्तू टिकायच्या, लग्नंही.

२० मार्च

न्हाणीघरातल्या बेसिनात तांबूस डाग पडलाय. घासला तरी जात नाही. पुरुषमाणूस दुसऱ्याच्या लिफ्ट चकाचक करील, स्वतःचं बेसिन नाही. बोलले त्याला. “बघतो,” म्हणाला. नंतर काही बघितल्याचं दिसत नाही.

७ एप्रिल

काही नाही. पानं गुबगुबीत, बाकी शुकशुकाट. त्याच्या भावाचा फोन आला होता. ओताकार दार लावून बोलला. मी उकडलेल्या गोळ्यांचं पीठ उगाच तिंबत बसले, गोळे दगडासारखे झाले. मुकाट्याने खाल्ले त्याने.

२६ एप्रिल

दांडा! शेवाळातून जांभळट, सुतळीएवढा दांडा वर आलाय. आधी मला दिसला. दिवसभर पोटात ठेवला, संध्याकाळी त्याला स्वतःहून दिसू दिला. तो काचेला नाक लावून उभा राहिला, मग वळून म्हणाला, “बघितलंत?” मी म्हटलं, काय आहे? चष्मा कुठं गेला माझा?

१२ मे

फुलली. फिकट जांभळी, गळ्याशी पिवळ्या दोन रेघा, हुबेहूब ऑर्किडसारखी. चिखलातल्या खादाडाला असलं रूप! मान्य करते, सुंदर आहे.

२१ मे

आलोइस आला होता. ओताकारच्या त्या किडेखाऊ झाडांच्या मंडळातला, पोट आधी आत येतं आणि माणूस मागून. मी डुकराचं मांस भाजलं होतं, त्यावर इथं जिला तेरावा झरा म्हणतात ती कडू दारू. आलोइस फुलांसमोर गुडघ्यांवर बसला. विचारलं, पाणी कुठलं घालतोस?

ओताकार म्हणाला, “आईंना विचार. पाणी त्याच घालतात.”

आई! आलोइससमोर! मी पटकन ताटं उचलायला घेतली.

आलोइस सांगत होता, त्यांच्या मंडळातल्या एकाच्या बायकोने लाडाने झऱ्याचं पाणी घातलं, आठवड्यात सगळं काळं पडलं. मी मनात म्हटलं, बाईने भलत्याच झऱ्याचं घातलं असणार. ओताकारला बिअरचा ठसका लागला.

जाताना आलोइसने ओलोमोउत्सचं विचारलं. ओताकार म्हणाला, छे, पेटी हलवली तर फुलं गळतील. मी जिंकले. व्हारीचं पाणी जिंकलं!

२२ मे

कालचं मांस बाधलं. झऱ्यापर्यंत जायचं त्राण नव्हतं, म्हणून चंबूतलंच घोटभर प्यायले. काल संध्याकाळी मीच ओतलेलं. खारट नाही. लोखंडाची चव नाही. कसलीच चव नाही. पावसाचं पाणी!

न्हाणीघरात जाऊन बेसिनातल्या तांबूस डागाकडे बघत उभी राहिले. रोज रात्री माझं झऱ्याचं पाणी इथं, फेब्रुवारीपासून, एक शब्द न बोलता. रडू आलं.

डाग घासला नाही. दुपारी बरं वाटल्यावर बाटली घेऊन झऱ्यावर गेले. नाहीतर तो बिचारा आज रात्री ओतणार काय?