करकरणारं दार

चिमे,

संध्याकाळी तुझ्या बक्षीस समारंभाला मी येणार नाही. वाद्यवृंदाच्या तालमीला चाललोय. जेवण झाकून ठेवलंय, खाऊन जा.

परीक्षकांनी तुझं गाणं वर्षातलं सर्वोत्तम ठरवलं म्हणून माझं मत बदलत नाही. ना चाल, ना सूर, नुसता धडधडाट. उभा जन्म व्हायोलिन वाजवलंय मी, मला कुणी शिकवू नये. आणि सुरुवातीच्या ज्या करकरीवर ते एवढे लट्टू झालेत, ती आपल्या स्वयंपाकघराच्या दाराची आहे, हे मी ऐकताक्षणी ओळखलं.

त्या दाराला तेल घालायला आईने आज सुतार बोलावला होता. मी त्याला बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं. तिने विचारलं तर सांग, तो आलाच नाही.

बाबा